हाजिर मजालसी : महजरांवरून दिसणारा गोताचा न्यायाधिकार

(१)

जुन्या दप्तरांत वतनासंबंधीं जे कागद सांपडतात, त्यांत महजर हा बहुधा सर्वांत लांब, सर्वांत जीर्ण आणि सर्वांत कमी वाचला गेलेला कागद असतो. संग्राहकाची दृष्टि प्रथम शिक्क्यावर जाते, मग तेरखेवर, मग मजकुरांत एखाद्या प्रसिद्ध पुरुषाचें नांव आहे कीं काय यावर. महजराचा जो भाग वाचावयास सर्वांत कंटाळवाणा, म्हणजे मजालसींत हजर असलेल्यांची यादी, तो नकल करणारा पुष्कळदां अर्ध्यावर सोडतो, आणि छापणारा ‘वगैरे’ या एका शब्दांत पन्नास माणसें गुंडाळून ठेवतो. वादाचा निकाल हातीं आला म्हणजे कागदाचें काम झालें, अशी समजूत यामागें असते.

ही समजूत बरोबर नाहीं असें या लेखांत दाखवावयाचें आहे. महाराष्ट्रांतील सामान्य माणसास न्यायाच्या व गांवच्या कारभारांत कितपत हात होता, या प्रश्नाचें उत्तर निकालाच्या मजकुरापेक्षां त्या यादींतच अधिक आहे. या प्रश्नाविषयीं दोन टोंकाचीं मतें प्रचलित आहेत. एक असें कीं, इंग्रजी अंमलापूर्वीं आमच्या गांवोगांव लोकसत्ता नांदत होती व पंच हे लोकांनीं निवडलेले असत. दुसरें असें कीं, गांव म्हणजे केवळ जातीच्या उतरंडीचा तुरुंग असून तेथें लोकांचें म्हणून कांहीं चालतच नसे. दोन्ही मतांच्या पाठीराख्यांनीं महजराची यादी शेवटपर्यंत वाचली असती, तर दोघांनाही आपापलें विधान थोडें मागें घ्यावें लागलें असतें.

(२)

महजर हा शब्द अरबी. ‘हाजिर’, ‘हुजूर’, ‘हजेरी’ हे शब्द ज्या धातूपासून आले त्यापासूनच तो झाला आहे. मजालस किंवा मजलस म्हणजे बसणें, बैठक. तेव्हां ‘हाजिर मजालसी’ म्हणजे बैठकीस प्रत्यक्ष उपस्थित असलेले लोक, आणि महजर म्हणजे त्या उपस्थितीचा लेख. नांवांतच या कागदाचें मर्म आहे. सनद ही देणाऱ्याच्या नांवावर उभी असते, खुर्दखत हें हुकूम करणाऱ्याच्या नांवावर उभें असतें. महजर मात्र हजर असलेल्यांच्या नांवावर उभा असतो.

त्याची घडण सामान्यतः अशी असते. प्रथम तेरीख व स्थळ. मग हजर लोकांची नांवें व हुद्दे. नंतर अग्रवादी व पश्चिमवादी यांनीं काय तकरीर केली तें, त्यांनीं दाखविलेले भोगवट्याचे कागद, साक्षीदारांच्या साक्षी, आणि अखेरीस सभेनें काय मनास आणून कोणास खरें केलें व कोणास खोटें केलें, हें लिहिलेलें असतें. सुनावणीपूर्वीं दोन्ही वादी, सभा जो निवाडा करील तो मान्य, असा राजीनामा लिहून देत व त्याप्रमाणें वर्तण्याबद्दल जामीन देत. निवाडा झाल्यावर हरलेल्यानें येजितखत लिहून द्यावयाचें, म्हणजे आपला दावा खोटा झाला, पुढें कथला करणार नाहीं, असें स्वमुखानें कबूल करावयाचें. जिंकलेल्याकडून सरकार हरकी घेई व हरलेल्याकडून गुन्हेगारी. हें सर्व कागद एकाच कज्ज्याचे अवयव आहेत. ते वेगवेगळ्या घराण्यांच्या दप्तरांत विखुरले जातात, कारण येजितखत जिंकणाऱ्याच्या घरीं राहतें, राजीनामा सरकारांत राहतो, आणि महजराची प्रत ज्याचें वतन सिद्ध झालें त्याच्या पेटींत राहते. यासाठींच एकाच घराण्याचें दप्तर पाहून वादाविषयीं मत बनविणें धोक्याचें असतें. हरलेल्याची बाजू त्या पेटींत क्वचितच असते.

(३)

आतां यादीकडे वळूं. मोठ्या मजालसींत दोन थर स्पष्ट दिसतात. एक दिवाण, म्हणजे सरकारी बाजू. तींत हवालदार, मजुमदार, कारकून व किल्ल्यावर सभा असल्यास तेथील अंमलदार असत. आदिलशाही व निजामशाही अमदानींत काजीही असे आणि त्याचा शिक्का महजरावर पडे. दुसरा थर गोताचा. त्यांत देशमुख, देशपांडे, शेटे महाजन, गांवोगांवचे मोकदम पाटील, कुळकर्णी, चौगुले, आणि शेवटीं बलुते. वाद गांवापुरता असेल तर दिवाणाचा थर पातळ होतो किंवा नाहींसाच होतो, आणि ‘समस्त पांढरी’ हीच सभा होते.

‘गोत’ या शब्दाचा अर्थ येथें नीट ध्यानीं घेतला पाहिजे. संस्कृत गोत्रापासून तो निघाला असला, तरी महजरांतील गोत म्हणजे रक्ताचे नातलग नव्हत. मराठा पाटील, ब्राह्मण कुळकर्णी, मुसलमान मुलाणा, सुतार, न्हावी, महार हे सर्व एका गोतांत बसतात. वतनाच्या धाग्यानें बांधलेला असा तो समाज होता. ज्याला गांवांत वतन आहे, म्हणजे ज्याचे हक्क व ज्याची चाकरी वंशपरंपरेनें ठरलेली आहे, तो गोताचा घटक. ज्याला तें नाहीं, तो उपरी. तो कितीही सधन असला तरी त्याची जागा या यादींत सहसा नसते.

नांवांपुढें निशाण्या असतात. लिहितां येणारा आपल्या हातानें ‘साक्ष’ लिहितो. ज्यास लिहितां येत नाहीं, तो आपल्या धंद्याचें चिन्ह काढतो किंवा काढवितो. पाटील व कुणबी यांचा नांगर, वाण्याचा तराजू, न्हाव्याचा आरसा, महाराचा दोर अशीं चिन्हें संग्राहकांच्या परिचयाचीं आहेत. महजराच्या तळाशीं ओळीनें काढलेलीं हीं ओबडधोबड चित्रें पाहिलीं म्हणजे एक गोष्ट जाणवते. ज्या माणसाचें नांव दुसऱ्या कोणत्याही सरकारी कागदांत आलें असेल तर तें केवळ पट्टी भरणारा किंवा वेठीस धरलेला म्हणून, त्याच माणसाची येथें न्यायसभेचा साक्षीदार म्हणून नोंद झालेली आहे. त्याची निशाणी नसती तर तो कागद अपुरा मानला गेला असता.

परंतु या यादीला क्रम आहे आणि तो क्रम मानाचा आहे. दोर नांगराच्या वर कधीं जात नाहीं. शिमग्याची पोळी, पोळ्याचे बैल, टिळाविडा यांत कोण आधीं व कोण मागून, यावरूनच जेथें पिढ्यान् पिढ्या कज्जे चालत व त्यांचेही महजर होत, तेथें यादींतील जागा निष्काळजीपणानें लिहिली गेली असेल असें मानतां येत नाहीं. स्त्रियांची गोष्ट याहून विशेष आहे. वतनदार घराण्यांतील विधवा स्त्रिया वादी प्रतिवादी म्हणून कज्जा भांडतात, आपल्या मुलाच्या वतीनें तकरीर देतात, आणि राज्यकर्त्या घराण्यांतील स्त्रिया निवाडाही करवितात. जिजाबाईंच्या नांवाचीं न्यायविषयक पत्रें उपलब्ध आहेतच. तरी गोताच्या यादींत स्त्रीचें नांव सहसा आढळत नाहीं. न्याय मागण्याचा अधिकार तिला होता. न्याय देणाऱ्या बैठकींत बसण्याचा नव्हता.

(४)

गोत निवाडा कसा करी? आजच्या वाचकास सभा म्हटली कीं मतमोजणी आठवते. अमुक इतके एका बाजूस, अमुक इतके दुसऱ्या बाजूस, अशी गणती महजरांत नसते. निवाडा सर्व सभेचा म्हणून लिहिलेला असतो. याचें कारण सभेच्या कामाच्या स्वरूपांत आहे. गोतास कायदा ठरवावयाचा नव्हता. एक गोष्ट खरी कीं खोटी हें आठवून सांगावयाचें होतें. अमक्या पाटलाचा आजा या पांढरींत नांदत होता काय, हें शेत कोणाच्या वहिवाटीस होतें, दुष्काळांत परागंदा झालेलें घराणें परत आलें तें हेंच काय, असे प्रश्न सभेपुढें असत. अशा प्रश्नाचें उत्तर बहुमतानें देणें म्हणजे निम्म्या गांवास खोटें ठरविणें होय. म्हणून गांवानें एकमुखानें बोलावें अशी अपेक्षा असे, आणि एकमुखानें बोलतां आलें नाहीं तर दुसरे मार्ग होते.

पहिला मार्ग थळाचा. स्थानिक सभेंत प्रतिपक्षाचे सोयरे किंवा मिंधे आहेत, येथें आपणांस न्याय मिळणार नाहीं, अशी शंका वादी घेऊं शके व दुसऱ्या ठिकाणच्या सभेपुढें वाद नेण्याची मागणी करूं शके. या थळ मागण्याच्या अधिकाराचें महत्त्व फार आहे. आपले शेजारी निःपक्षपाती असतीलच असें त्या काळच्या लोकांनीं भाबडेपणानें गृहीत धरलें नव्हतें, हें त्यावरून सिद्ध होतें. गांवाची स्तुति करणारे आणि गांवाची निंदा करणारे, दोघेही थळाची पत्रें वाचीत नाहींत.

दुसरा मार्ग दिव्याचा. साक्षीपुराव्यानें वाद तुटेना, किंवा गोत साक्ष देण्यास कचरूं लागलें, म्हणजे दिव्य होई. रवादिव्यांत वादीचा हात धुवून, नखें काढून, त्यावर पूर्वींच्या खुणा कोणत्या आहेत तें टिपून ठेवीत. वादी आपला दावा लिहिलेला कागद कपाळीं बांधून उकळत्या तुपातेलांतून धातूचा रवा काढी. मग हातास पिशवी घालून तीवर शिक्का करीत, आणि ठरलेल्या दिवशीं सर्वांसमक्ष ती सोडून हात पाहात. आज ही रीति आपणांस क्रूर व निरर्थक वाटते आणि न्यायनिर्णयाचें साधन म्हणून ती तशी होतीही. परंतु गांवाच्या दृष्टीनें तिचा एक उपयोग असा होता कीं, शेजाऱ्याविरुद्ध उघडपणें बोलण्याचें ओझें देवावर टाकून गोतास मोकळें होतां येई. ज्या महजरांत दिव्य आहे, त्यांत बहुधा गोत दुभंगलेलें होतें, अशा दृष्टीनें ते पुन्हां वाचण्यासारखे आहेत.

शिवेच्या वादांत एक वेगळीच गोष्ट दिसते. गांवच्या सीमेचें ज्ञान महाराकडे मानलेलें होतें. त्यानें दाखविलेली खूण आणि त्यानें दिलेली साक्ष सीमेच्या कज्ज्यांत निर्णायक धरली जाई. जो यादींत शेवटीं, तो पुराव्यांत पहिला, असा हा विरोध आहे. गोताची व्यवस्था समतेची नव्हती, हें जितकें खरें, तितकेंच तिला सर्वांत खालच्या माणसावांचून चालत नव्हतें, हेंही खरें. दोन्ही गोष्टी एकाच कागदावर लिहिलेल्या आहेत.

(५)

मग या सभांची निवडणूक होत असे काय? महजर या प्रश्नास स्पष्ट उत्तर देतात. होत नसे. पाटील पाटलाचा मुलगा म्हणून येई, सुतार सुताराचा मुलगा म्हणून येई. सभेंत बसणें हा जन्मानें आलेला हक्क होता आणि तितकेंच तें कर्तव्यही होतें. बोलावणें आलें म्हणजे कामधंदा सोडून जावें लागे.

भारतांत निवडणूक अज्ञातच होती असें मात्र नाहीं. तामिळ देशांत उत्तरमेरूर येथें चोळ राजा पहिला परांतक याच्या काळचे, इ. स. ९१९ व ९२१ चे, दोन शिलालेख आहेत. त्यांत ग्रामसभेच्या समित्या कशा नेमाव्या याचे सविस्तर नियम कोरलेले आहेत. गांवाचे तीस वाडे पाडावे, प्रत्येक वाड्यांतील पात्र पुरुषांचीं नांवें ताडपत्राच्या चिठ्ठ्यांवर लिहून घड्यांत टाकावीं, आणि लहान मुलाकडून चिठ्ठी काढवावी, अशी ती रीति. पात्रतेस वयाची मर्यादा होती, स्वतःच्या जमिनीवर घर असावें लागे, आणि पूर्वीं समितीवर असतांना ज्यानें हिशेब दिला नाहीं तो व त्याचे आप्त अपात्र ठरत. ही सभा ब्राह्मणांची होती, हें विसरूं नये. तथापि मुदतबंद अधिकार, हिशेबाची जबाबदारी आणि चिठ्ठीनें निवड हीं तिन्ही लक्षणें तेथें आहेत. महाराष्ट्रांतील महजरांत या तिहींपैकीं एकही नाहीं. मराठी मुलुखाशीं अधिक जवळचें उदाहरण गोव्याचें. तेथील गांवकरीची वहिवाट पोर्तुगीज अधिकारी आफोंसो मेशिया यानें १५२६ सालीं लेखनिविष्ट केली. त्या गांवकरींतही गांवकर हा कुळानेंच गांवकर असे. म्हणजे कोंकणपट्टी व देश दोहोंकडे सहभागाचा पाया जन्म हाच होता.

एका देशांतील शिलालेख दुसऱ्या देशाच्या इतिहासास पुरावा म्हणून लावणें हा आमच्याकडील एक जुना दोष आहे. सर चार्ल्स मेटकाफ यानें १८३० च्या आपल्या टिपणांत हिंदुस्थानांतील गांवांस छोटीं प्रजासत्ताकें म्हटलें. तें वाक्य उत्तरेकडील गांवें पाहून लिहिलेलें होतें. पुढें तें पुस्तकांतून पुस्तकांत फिरत मराठी लेखकांच्या हातीं आलें, आणि त्याला उत्तरमेरूरची जोड मिळून ‘प्राचीन ग्रामनिवडणूक’ तयार झाली. आमच्या स्वतःच्या दप्तरांतील कागद मात्र त्या वेळीं रुमालांत बांधलेलेच होते. राजवाड्यांनीं ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ याचा पहिला खंड १८९८ सालीं छापला, १९१० सालीं पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळ निघालें, आणि त्यानंतर महजर हळूहळू प्रकाशांत येऊं लागले. १९५३ सालीं डॉ. वि. त्र्यं. गुणे यांनीं मराठ्यांच्या न्यायपद्धतीवर जो ग्रंथ प्रसिद्ध केला, तो अशा मूळ कागदांवर उभा असल्यामुळेंच आजही मार्गदर्शक आहे.

(६)

अठराव्या शतकांत मजालसीचें रूप पालटत गेलें. पेशव्यांच्या अमदानींत कागदांत ‘पंचाईत’ हा शब्द वाढत्या प्रमाणांत येतो. सर्व गोत जमविण्याऐवजीं थोडे पंच नेमावयाचे, त्यांस उभय वादींची संमति घ्यावयाची, आणि त्यांनीं केलेल्या सारांशावर सरकारनें निवाडपत्र करून द्यावयाचें, असा हा क्रम होता. पुण्यास न्यायाधीशाचें खातें होतें आणि रामशास्त्री प्रभुण्यांच्या नांवानें तें महाराष्ट्राच्या स्मरणांत राहिलें आहे. नारायणरावाच्या १७७३ मधील वधानंतर खुद्द रघुनाथरावास दोषी ठरविणारा न्यायाधीश म्हणून त्यांची कीर्ति आहे. परंतु रामशास्त्र्यांच्या तेजानें डोळे दिपून एक गोष्ट दिसेनाशी होऊं नये. न्याय जसजसा पुण्याकडे सरकला, तसतशी महजराच्या तळची यादी आखूड होत गेली. नांगर, आरसा, दोर या निशाण्यांच्या जागीं चार लिहिणाऱ्या पंचांच्या सह्या आल्या. काम अधिक सुटसुटीत झालें असेल. परंतु बैठकींतून माणसें उठून गेलीं.

१८१८ सालीं पेशवाई गेली. दख्खनचा कमिशनर मौंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यानें १८१९ सालीं जिंकलेल्या मुलुखाविषयीं जो अहवाल लिहिला व जो १८२१ मध्यें कलकत्त्यास छापला गेला, त्यांत पंचाइतीचें विस्तृत वर्णन आहे. तिचे दोष त्यानें लपविले नाहींत. पंच वेळेवर जमत नाहींत, त्यांस मेहनताना नाहीं, काम वर्षानुवर्षें लांबतें, आणि निकालाची बजावणी बळकट हाताशिवाय होत नाहीं, हें तो सांगतो. पैशाच्या वसुलीसाठीं सावकार स्वतःच तकाजा लावी, दाराशीं धरणें धरी, याचीही तो नोंद करतो. तरीसुद्धां त्याचा एकंदर अभिप्राय असा पडला कीं, मराठी राज्यानें लोकांस न्याय मिळवून देण्यासाठीं स्वतः फार केलें नसलें, तरी तो मिळविण्याचीं साधनें लोकांच्या हातीं राहूं दिलीं. आणि तीं साधनें मोडूं नयेत. मद्रासेकडे मन्रो यानें १८१६ मध्यें पंचाइतीस कायद्यानें स्थान दिलें होतेंच.

साधनें मोडूं नयेत असें म्हणणाऱ्याच्या हातूनच तीं मोडलीं. १८२७ चा मुंबई इलाख्याचा कायदेसंग्रह एल्फिन्स्टनच्याच कारकीर्दींतला. त्यानें जिल्हा न्यायाधीशाच्या अदालती पक्क्या बसविल्या. पंचाईत बंद करा असा हुकूम निघाला नाहीं. ती उभयपक्षांच्या राजीखुषीची लवादी होऊन उरली. ज्याला आपली बाजू लंगडी आहे हें ठाऊक, तो पंचाइतीस कशास राजी होईल? त्याला अदालतीचें दार उघडें होतें, आणि तेथें त्याला ओळखणारे कोणी बसलेले नव्हते.

याहून खोल घाव जमीनमोजणीनें घातला. १८३६ च्या सुमारास इंदापूर तालुक्यांत गोल्डस्मिड व विंगेट यांनीं मोजणीबंदोबस्ताचें काम चालविलें व पुढें तें सर्व देशभर गेलें. शेतास नंबर पडला, बांधास दगड लागला, नकाशा कचेरींत गेला. ज्या गोष्टी आजवर गोताच्या आठवणींत होत्या, त्या कारकुनाच्या रजिस्टरांत आल्या. गोताचा न्यायाधिकार हा त्याच्या आठवणीचा अधिकार होता. आठवणीची गरज संपली तेव्हां अधिकारही संपला. पंचाईत इंग्रजांनीं दुष्टपणानें मारली असें म्हणण्याची चाल आहे. कागद पाहतां ती अनावश्यक होऊन मेली असें म्हणणें अधिक यथार्थ होईल. या बदलानें एक मोठा लाभही झाला, तो सांगितला पाहिजे. आपली शीव, आपलें शेत, आपलें घर यांसाठीं शेजाऱ्याच्या मर्जीवर व पाटलाच्या शब्दावर अवलंबून राहण्याची गरज दुर्बळास पूर्वींइतकी उरली नाहीं.

(७)

गोताची जागा ज्या संस्थेनें घेतली तिचें मूळ गांवांत नव्हतें, शहरांत होतें. १८७२ च्या कायद्यानें मुंबई म्युनिसिपालिटींत ६४ सभासद ठेवण्यांत आले, आणि त्यांपैकीं ३२ करदात्यांनीं निवडावयाचे असें ठरलें. १६ जस्टिसांनीं निवडावयाचे व १६ सरकारनें नेमावयाचे होते. मत देण्यास वर्षाकांठीं ५० रुपये कर भरावा लागे. १८७३ मध्यें पहिली निवडणूक झाली. १८८२ च्या मे महिन्यांत लॉर्ड रिपन यानें स्थानिक स्वराज्याचा ठराव केला, आणि त्यानंतर मुंबई इलाख्यांत १८८४ मध्यें लोकल बोर्डांचा व जिल्हा म्युनिसिपालिट्यांचा कायदा झाला. पुण्याच्या नगरपालिकेंत जोतीराव फुले १८७६ पासून १८८२ पर्यंत सरकारनियुक्त सभासद होते. लोकमान्य टिळक तेथें १८९५ मध्यें निवडून आले. नियुक्त व निर्वाचित हा दोघांमधील फरक व्यक्तींचा नव्हे, काळाचा आहे.

या ठिकाणीं जन्माऐवजीं कर हा सहभागाचा पाया झाला. वतन गेलें व मालमत्ता आली. मोजणीही आली. यापुढें सभा एकमुखानें बोलण्याची अपेक्षा उरली नाहीं. एका मतानें अधिक असलेला पक्ष सर्वांच्या वतीनें बोलूं लागला.

खेड्यांसाठीं मुंबई सरकारनें १९२० मध्यें ग्रामपंचायतींचा कायदा केला व १९३३ मध्यें दुसरा अधिक व्यापक कायदा झाला. या दुसऱ्या कायद्याच्या बिलावर १९३२ सालीं मुंबईच्या कायदेकौन्सिलांत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं जो विरोध केला, तो महजर वाचणाऱ्यानें अवश्य पाहावा. जातींनीं दुभंगलेल्या गांवांत पंचायतीच्या हातीं न्यायदानाचे अधिकार देऊं नयेत, आणि अस्पृश्य वर्गास तींत स्वतंत्र जागा असाव्यात, हा त्यांचा आग्रह होता. पुढें ४ नोव्हेंबर १९४८ रोजीं घटनासमितींत घटनेचा मसुदा मांडतांना त्यांनीं मेटकाफच्या त्याच प्रसिद्ध वाक्याचा समाचार घेतला, आणि गांव हा नव्हे, तर व्यक्ति हा राज्याचा घटक मानल्याबद्दल समाधान व्यक्त केलें. त्याच महिन्यांत ग्रामपंचायतींस उत्तेजन देण्याचें कलमही घटनासमितीनें स्वीकारलें. तेंच पुढें चाळिसावा अनुच्छेद झालें. वाद तुटला नाहीं. दोन्ही पक्ष घटनेंत राहिले.

महजराची साक्ष या वादांत कोणाच्या बाजूची? आमच्या मतें ती अशी आहे. गोतांत महाराची निशाणी होती, यावरून गांवांत त्यास स्थान होतें हें दिसतें. ती निशाणी सर्वांत खालीं होती, यावरून तें स्थान कोणतें होतें हें दिसतें. पहिल्या गोष्टीसाठीं मेटकाफचे अनुयायी महजर दाखवूं शकतील, दुसऱ्यासाठीं बाबासाहेबांचे. परंतु बाबासाहेबांचा मुद्दा निशाणीच्या जागेपुरता नव्हता. महार गोतांत होता तो महार म्हणून होता. स्वतःच्या नांवानें व स्वतःच्या मतानें उभा असलेला माणूस म्हणून नव्हता. त्याचा मुलगाही त्याच जागीं तोच दोर काढणार, हें जन्मापूर्वींच ठरलेलें होतें. व्यक्ति हा घटक मानण्याचा अर्थ हाच कीं, यादींतील क्रम पुसला गेला.

१९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकींत प्रौढ स्त्रीपुरुषांस सरसकट मत मिळालें. महजराच्या यादींत जीं माणसें कधीं आलीं नव्हतीं, म्हणजे उपरी, भूमिहीन व स्त्रिया, तीं मतदारयादींत आलीं. लिहितां न येणाऱ्या मतदारांसाठीं प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी ठेवून तीवर त्याचें चिन्ह लाविलें होतें. काँग्रेसची बैलजोडी त्यांतलीच. महजर पाहण्याची ज्यास संवय आहे त्यास येथें एक उलटापालट दिसेल. पूर्वीं निशाणी निवाडा करणाराची असे, आणि ती उघड असे; कोण कोणत्या बाजूस उभा राहिला हें साऱ्या पांढरीस ठाऊक असे. आतां निशाणी उमेदवाराची झाली, आणि मत देणारा पडद्याआड गेला. पाटलासमोर ज्याला बोलतां येत नव्हतें त्यास या गुप्ततेनें वाचा दिली. परंतु आपण काय ठरविलें याबद्दल शेजाऱ्यांसमोर नांवानिशीं उभें राहण्याची जी जबाबदारी महजरांत होती, ती मतपेटींत नाहीं. १९९२ च्या ७३ व्या घटनादुरुस्तीनें ग्रामसभेस घटनेंत स्थान दिलें आहे. त्या सभेंत मात्र ती जबाबदारी अजून शिल्लक आहे.

(८)

आतां संग्राहकांस एक विनंति. १९५० मध्यें परगणे व कुळकर्णी वतनें गेलीं, १९५८ च्या कायद्यानें कनिष्ठ ग्रामवतनें गेलीं, आणि १९६२ च्या कायद्यानें मुलकी पाटीलकी गेली. तोंपर्यंत घराण्यांनीं महजर जपले ते इतिहासाच्या आवडीनें नव्हे, तर ते हक्काचे पुरावे होते म्हणून. १८५२ च्या कायद्यानें इनाम कमिशन बसलें, तेव्हां ते दाखवावे लागले. वतनाच्या प्रत्येक दाव्यांत ते लागले. आतां त्यांचा कायदेशीर उपयोग उरला नाहीं. माळ्यावरची पेटी रिकामी करतांना कुळकर्ण्याचा किंवा पाटलाचा वंशज प्रथम जो लांबलचक, न वाचतां येणारा मोडी कागद टाकून देतो, तो पुष्कळदां महजर असतो. ज्या कारणानें तो इतके दिवस टिकला तें कारण गेल्यामुळें, आज त्यास वांचविणारे आपणच काय ते उरलों आहोंत.

तेव्हां महजर हातीं आल्यास त्याची यादी पूर्ण उतरावी. ‘वगैरे’ लिहूं नये. निशाण्या शब्दांत न सांगतां जशाच्या तशा रेखाटाव्या किंवा त्यांचें छायाचित्र घ्यावें, कारण एकाच धंद्याचें चिन्ह निरनिराळ्या परगण्यांत कसें बदलतें, हा अभ्यास अजून व्हावयाचा आहे. नांवांचा क्रम बदलूं नये व जातवार लावूं नये; क्रम हाच पुरावा आहे. चिकटविलेले बंद सोडवितांना सांध्यावरील शिक्के जपावे. आणि शिक्क्याचा भाग चांगला व शेपूट जीर्ण म्हणून शेपूट कापून टाकण्याची जी घातक चाल कांहीं विक्रेत्यांनीं पाडली आहे, तिला किंमत देऊन उत्तेजन देऊं नये.

बादशहाचा शिक्का दुसऱ्या दहा कागदांवर सांपडेल. कोण्या गांवच्या न्हाव्यानें काढलेला आरसा मात्र बहुधा त्या एकाच कागदावर असतो. आणि एके दिवशीं आपल्या गांवच्या न्यायसभेंत तो हजर होता, याला तेवढाच पुरावा आहे.